न झालेल्या सभेची साक्षीदार

साळवे मॅडम गेल्याचा फोन आला तेव्हा मी जेवायला बसलो होतो. लिहायला लाज वाटते, पण सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं. रडू नंतर आलं... चारच दिवसांनी त्यांची साक्ष होती.

कमल साळवे आमच्या पैठण रोडवरच्या कॉलेजात कार्यालयीन अधीक्षक. मूळच्या देवगाव रंगारीच्या, घरातल्या पहिल्या पदवीधर. मी तिथं इतिहास शिकवतो. वीसेक वर्षं आम्ही बरोबर काढली. संस्थापक वारले आणि त्यांचा मुलगा नि पुतण्या, दोघंही स्वतःला अध्यक्ष म्हणवू लागले. एका सोमवारी गेलो तर ऑफिसच्या दाराला दोन कुलपं आणि बोर्डावर दोन प्राचार्यांच्या दोन नोटिसा. बोनाफाइडसाठी आलेल्या पोरी उन्हात ताटकळून परत जायच्या. कुणाला नमस्कार करावा हे कळेना म्हणून शिपाई खाली बघून चालायचे. बोलायच्या आधी मागं वळून बघायची सवय आम्हा सगळ्यांनाच लागली.

मग पुतण्याच्या गटानं धर्मादाय आयुक्तांकडं कागद दाखल केले : एका शनिवारी सभा झाली, तीत पुतण्याची अध्यक्ष म्हणून निवड झाली. इतिवृत्त लिहिणाऱ्या साळवे मॅडम. त्यांची सही हवी होती. त्या म्हणाल्या, "सभा झालीच नाय. मी काय लिहू?" आठवड्याच्या आत निलंबनाचं पत्र त्यांच्या घरी गेलं.

मी शिक्षक प्रतिनिधी. माझ्या सहीसाठी पुतण्याचा माणूस त्या सभेच्या हजेरीचा कागद घेऊन घरी आला होता. माझी मुलगी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. चहा पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "जूनमध्ये तिचं बघू आपण." मी सही केली.

मॅडम सुनावणीच्या प्रत्येक तारखेला डबा घेऊन बसनं जायच्या. नंतर त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी राहू लागली. संध्याकाळी यायची, काच खाली व्हायची नाही, कुणी उतरायचं नाही. मॅडमनी तिचा नंबर कॅलेंडरवर लिहून ठेवला. यजमान म्हणाले, साक्ष सोडून दे. त्यांनी ऐकलं नाही.

जाण्याच्या आठवडाभर आधी त्या माझ्याकडं आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"सर, त्या शनिवारी तुम्ही माझ्यासमोर बसून पेपर तपासत होतात. दुपारी चार वाजेपर्यंत."

मी पाण्याचा पेला पुन्हा त्यांच्याकडं सरकवला.

"मला विचारलं तर मी खरं सांगणार. तुमचं नाव येईल. कोर्टात एकदम कळायला नको म्हणून सांगायला आले."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दारात चप्पल घालता घालता त्यांनी विचारलं, "पोरीचं झालं का हो काही?"

भर दुपारी, स्वयंपाकघरात त्या कोसळल्या. डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला आणि त्यावर शंका घ्यायला माझ्याकडं काही कारण नाही. पण यजमान सांगतात, त्या दिवसापासून ती गाडी आली नाही.

दहाव्याहून परतल्यावर मी मुलीला सगळं सांगितलं, सही खोटी होती असं लिहून द्यायचंय हेही. ती म्हणाली, "बाबा, ते पत्र मी टाईप करून देते."

मागच्या आठवड्यात ते घेऊन ऑफिसात गेलो : मी त्या सभेला नव्हतो, माझी सही खोटी हजेरी दाखवते, हेच मी साक्षीतही सांगणार आहे. मॅडमच्या टेबलाशी आता त्यांच्याच हाताखाली शिकलेली लिपिक बसते. तिनं पत्र दोनदा वाचलं, पोच म्हणून प्रतीवर शिक्का मारला, घड्याळात बघून शिक्क्याशेजारी बारीक अक्षरात लिहिलं : ११.४०.

"वेळ कशाला?" मी विचारलं.

"साळवे मॅडमनी शिकवलंय. म्हणायच्या, तारीख मागाहून बदलता येते. वेळ लिहिली की माणूस बिचकतो."

प्रत माझ्या हातात देताना तिनं दाराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सर, जाताना मागच्या गेटनं जा."