येशूपेक्षा मोठी ताई

माणूस गेल्यावर भिंतीवर त्याचा फोटो केवढा लावायचा असतो? फादरना विचारलं, मावशीला विचारलं, आईला तर परत परत विचारलं. कुणीच सांगितलं नाही. मग मी मोबाइलला विचारलं. आणि आता काय सांगू तुम्हाला, तिथेच माती खाल्ली!

माझी मोठी ताई, सेलिना, विरारला कॉलेजात शिकायची. गेल्या महिन्यात तापाने गेली. एवढंच सांगतो, जास्त विचारू नका.

तिचा एक प्रोजेक्ट अर्धा राहिला होता. मोबाइलचा कॅमेरा भिंतीकडे धरला, की दुकानातली वस्तू आपल्याच घरात ठेवलेली दिसते. असली खरेदी कॉलेजच्या मुलांना का पटते, ते शोधायचं. तिच्या वर्गातली रिया आणि केतन आमच्या गावी, वटारला, भेटायला आले आणि रडून झाल्यावर तेच सांगत बसले.

"सगळ्यांना आवडलं रे," केतन म्हणाला. "सोपं आहे, मजा येते, मित्र वापरतात म्हणून आपण पण वापरतो."

"मग कुणी काही विकत घेतलं काय?" मी विचारलं.

रियाने नाकावरचा चष्मा सारखा केला.

"घेतलं असं नाही," रिया म्हणाली. "मी मोबाइलमध्ये चष्मे लावून खूप फोटो काढले. घेतला मात्र स्टेशनजवळच्या गाडीवरून."

वा! अख्खा वर्ग खूश आणि गिऱ्हाईक एकही नाही! सातवीत शाळा सोडलेल्या माणसाने मग त्यांना गिऱ्हाईक मिळवून दिलं. कोण? मीच!

येत्या रविवारी ताईची महिन्याची मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना. फादर घरी प्रार्थनेला येणार, त्याआधी फोटो लागायलाच हवा. त्या दोघांसमोरच मी कॅमेरा भिंतीकडे धरला. घरातल्या अल्तारावरच्या, म्हणजे आमच्या देव्हाऱ्यातल्या, येशूच्या तसबिरीशेजारी ताई! दोन बोटांनी ओढली की फ्रेम मोठी होते. ओढली. कमी वाटली. ताई म्हणजे काय पासपोर्ट फोटो आहे? अजून ओढली.

"बस की आता!" केतन ओरडला.

मी ऐकतोय होय! दाबलं बटण.

शनिवारी टेम्पो आला. अहो, टेम्पो! दोन माणसांनी ताईला खाली उतरवलं. शेजारचे अंकल धावत आले. "निवडणूक लागली काय रे?"

आमच्यात येशूच्या तसबिरीपेक्षा मोठा फोटो घरात कुणाचाच लावत नाहीत. मला माहीत होतं. मोबाइलला नव्हतं.

"येशूपेक्षा मोठी झाली काय रे तुझी बहीण?" मावशी कडाडली. "आधी परत कर!"

फोन केला. दुकानवाले म्हणाले, मापाने बनवलेला माल परत घेत नाही.

आई फ्रेमसमोर बसली, ताईच्या गालावरची धूळ पदराने पुसली. म्हणाली, "केवढी केलीस रे तिला. सगळे दात दिसतायत." प्रार्थनेला कपाटातला छोटा फोटो ठेवला.

सोमवारी सकाळीच रियाचा फोन. "आज प्रोजेक्ट दाखवायचाय. मॅडम विचारतायत, कुणी खरंच काही विकत घेतलं का? ती फ्रेम घेऊन ये ना!"

"पण मी कुठे विद्यार्थी आहे?"

"अरे, सेलिना आहे ना!"

झालं. फ्रेम उचलली आणि बसमध्ये चढलो. पुढच्या सीटवर उभी केली.

"ओ, लेडीज सीटवर सामान ठेवू नका!" कंडक्टर.

"सामान नाय, लेडीजच आहे."

त्याने वाकून बघितलं. "मग तिकीट?"

"कॉलेजचा पास आहे तिचा."

"दाखव."

काय दाखवणार? पास तिच्यासोबतच शवपेटीत ठेवला होता. मी गुपचूप दोन फुल तिकिटं काढली, तिचं तोंड खिडकीकडे केलं आणि विरारपर्यंत दांडा धरून उभा राहिलो. बसणार कुठे? ताईला एवढी ओढली, माझ्यासाठी मीच जागा ठेवली नव्हती!