शेवटचा शब्द कानाचा

गॅरेजात सगळे त्याला कानसेन म्हणत, आणि तो ते नाव मिरवायचाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवायचं, मुठीला कान लावायचा, डोळे मिटायचे, की झालं निदान. आपण एकदाही चुकलो नाही, असं तो सांगे. दोनदा चुकले, असं बायको सांगे.

बायको त्याची भागीदार. मल्टिमीटर, कॉम्प्रेशन गेज, गाडीच्या कॉम्प्युटरमधल्या तक्रारी वाचणारा स्कॅनर, सगळं तिच्या ताब्यात. एखादा पाना जागेवर नसला तर ती गॅरेज डोक्यावर घ्यायची. तपासणीचा क्रम तिनंच घालून दिलेला: आधी बॅटरी, मग स्कॅनर, मग गेज, आणि शेवटचा शब्द कानाचा. तो शेवट नवऱ्याच्या मानासाठी होता. विचाराल तर संसार अशाच नियमांवर चालतात.

त्या दिवशी सकाळी एक टॅक्सीवाला आला. "कालपासून टकटक येतेय, वहिनी. मशीन लावून बघा जरा."

स्कॅनरनं काही दाखवलं नाही. गेजचे आकडेही चोख. मग कानसेन पुढे झाला. टॅक्सीवाला आत बसून इंजिन फिरवत राहिला आणि उघड्या बॉनेटआड कानसेननं मुठीला कान लावला.

घरघर. नुसती घरघर. त्यानं जागा बदलली, कान बदलला, तरी तेच. बारीक आवाज निसटायला लागून दोन वर्षं झाली होती आणि तो सगळं सर्दीवर ढकलत आला होता. ज्याला गाव कानसेन म्हणतं, त्यानं ऐकू येत नाही हे कोणत्या तोंडानं सांगायचं? "गाडी ठणठणीत आहे, घेऊन जा," हे अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात बायको शेजारी येऊन वाकली आणि त्याच्या पाठीवर बोटानं वाजवू लागली. टक-टक-टक-टक. हलकं, भरभर, एका लयीत. टॅक्सीवाल्यानं रेस वाढवली की बोटही पळे.

खालचं बेअरिंग असतं तर ठोका जड पडला असता. म्हणजे हा वरचा व्हॉल्व्ह. दुपारी इंजिन निवल्यावर त्यानं झाकण काढलं आणि फीलर गेजची पातळ पाती एकेका फटीत घालून पाहिली. तिसऱ्या व्हॉल्व्हची फट जास्त निघाली. ती कमी केली, इंजिन पुन्हा सुरू केलं आणि टकटक गेली. बायकोच्या बोटानं पाठीवर नुसतं टेकून तसं कळवलंही.

"कानसेन, तुमच्या कानाला तोड नाही," टॅक्सीवाला म्हणाला.

बायको खाली मान घालून पाने पुसत होती. ती यातलं अवाक्षर कुणाला सांगणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तिच्याबद्दल इतकी माया त्याला कित्येक वर्षांत दाटून आली नव्हती.

"कान हिचा," तो म्हणाला. "माझा गेलाय. दोन वर्षं झाली."

"तीन," ती नेहमीसारखंच मोठ्यानं म्हणाली. "शेजाऱ्यांना वाटतं, मी रोज तुमच्याशी भांडते."