पाठीमागून येणारी माणसं

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार आहेत ते थोरल्या बहिणीचे, कोल्हारच्या पुष्पाआक्काचे. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा शेजारच्या खुर्चीवर तीच होती.

"पीटीएसडी," डॉक्टर म्हणाले. पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर. म्हणजे लढाई संपते, पण शरीर पहारा सोडत नाही.

मी घरातला पहिला पदवीधर, तरी मनाचा आजार म्हणजे वेड, एवढंच मला ठाऊक. मी मान खाली घातली. आक्का म्हणाली, "यडा न्हाईस तू. ड्युटी संपली, हे तुला कुनी सांगितलंच न्हाई."

सीमेवर आमच्या तुकडीवर मागून हल्ला झाला होता. सोबतचे दोघे गेले. फौज सोडून भिंगारला राहायला आलो, तरी मागून कुणी स्पर्श केला की माझा हात आधी उठायचा, मग मला कळायचं. एकदा माझी सहा वर्षांची चिमी मागून बिलगली आणि फेकली गेली. तिला लागलं नाही, पण ती माझ्यापासून लांब राहू लागली. मला बरं व्हायचं होतं ते तिच्यासाठी.

आक्कानं युक्ती काढली होती: माझ्याजवळ येणाऱ्यानं लांबूनच ओरडायचं. गल्लीनं ते मनावर घेतलं. दूधवाला म्हणे, "फौजीभाऊ, दूध मागून येतंय!" शेजारच्या काकू म्हणत, "म्हातारी आलीय, मारू नको रे!"

हे ऐकून डॉक्टर हसले, आक्काला म्हणाले, "प्रेमानं केलंत, पण आता हळूहळू बंद करा. नाहीतर हे कायम इशाऱ्याचीच वाट बघतील." या उपचाराला एक्स्पोजर थेरपी म्हणतात. ज्याची धास्ती, त्याला डॉक्टरांच्या सल्ल्यानं थोडं थोडं सामोरं जायचं.

"मीच लावली सवय, मीच मोडते," म्हणत आक्का आमच्याकडे राहायला आली. आधी सांगून, पुढे न सांगता ती खांद्यावर हात ठेवायची. एकदा तिच्या हातातली पोह्यांची ताटली उडाली. केसांतले पोहे झटकत म्हणाली, "आज बरं हाय. काल चहा हुता."

औषधं आणि डॉक्टरांच्या भेटी अजून चालू आहेत. घरात असं कुणी असेल तर लाजू नका, दवाखान्यात जा. सोबत हसणारं माणूस न्या.

आक्का गावी परतल्यावर मी तिला लिहिलं. फोनवर हे बोलणं जमलं नसतं.

"ती. आक्कास सा. नमस्कार.
काल ओट्यावर मेथी निवडत होतो. चिमी गुपचूप मागून आली आणि गळ्यात हात टाकून पाठीवर लोंबकळली. मी दचकलो, आक्का, खोटं सांगत नाही. पण हात मेथीतच राहिले. ती म्हणाली, 'पप्पा, घोडा!' गल्लीच्या टोकापर्यंत नेली, तरी म्हणे अजून एकदा. आज माझी कंबर धरलीय, आणि ते मी सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटलोय.
तुझा बाळू"