काचेतली काठवट

नववीत शाळा सोडलेल्या मला अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीनं नोकरी दिली, म्युझियमच्या काचा पुसायची. उपकारच म्हणायचे. तिथे दर गुरुवारी पॅसिफिकमधल्या बेटावरची एक म्हातारी यायची. तिच्या गावाहून आणलेल्या लाकडी काठवटीसमोर, काचेला हात टेकून उभी राहायची. पाटीवर लिहिलं होतं, ‘विधीचं पात्र’.

“कसला विधी? आजी यात कंद कुस्करायची,” ती हसायची.

एकदा काठवटीला तडा दिसला. तिनं म्युझियमच्या मोठ्या साहेबांकडे लाकडाला तेल लावू द्यायची विनंती केली.

“हात लागला की लाकूड खराब होतं,” साहेब म्हणाले.

“हात लागत नाही, म्हणून तडकलंय.”

“छान माहिती!” म्हणत साहेबांनी ते वहीत टिपलं आणि निघून गेले.

तिनं मला विचारलं, “तुला तरी हात लावू देतात?”

“काचेला, आजी,” मी म्हणालो, आणि नोकरीच्या धास्तीनं तिच्या बोटांचे ठसे पुसून टाकले.