टीव्हीच्या पाठीला लांबी

व्यंकटराव छिन्नी-हातोडी घेऊन माझ्या शेजारी उभे होते आणि मी त्यांच्या टीव्हीच्या पाठीकडे बघत होते. जिथे वायर खोचायची भोकं असायला पाहिजेत, तिथे राखाडी रंगाचा टणक थर होता. पाण्याच्या पायपाची गळती थांबवायला लावतात ना, ती लांबी.

"हे कुणी केलं?"

"म्याच की," व्यंकटराव म्हणाले. "मागला टीव्ही पालीनं खाल्ला. आत शिरली, चिकटली, धूर निघाला. मग ह्यो आनला तवाच समदी भोकं बुजवली. एक बी न्हाई सोडलं."

बावीस वर्षं मी लातूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. कीबोर्डमध्ये सांडलेला चहा, सीपीयूत निघालेली उंदराची पिल्लं, सगळं पाहून झालंय. लांबी लावलेला टीव्ही पहिल्यांदाच पाहिला.

काम सोपं होतं. रेणापूरच्या या घरातला कॉम्प्युटर बैठकीतल्या टीव्हीला जोडायचा, म्हणजे व्हिडिओ कॉलवरचा माणूस मोठ्या पडद्यावर दिसतो. त्याला एचडीएमआय नावाची एकच वायर लागते. चित्र आणि आवाज दोन्ही तिच्यातूनच जातात. एक टोक कॉम्प्युटरला, दुसरं टीव्हीला. दहा मिनिटांचं काम. जेवायला परत येते, असं मी घरी सांगून आले होते.

वेळ मात्र ठरलेली होती. चार वाजता बारसं. बाळ आयर्लंडमध्ये, आणि नाव ठेवणारी आत्या इथे बैठकीतल्या पलंगावर, उजवा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टरमध्ये. आत्या म्हणजे व्यंकटरावांच्या पत्नी, निर्मलाताई. त्यांचा धाकटा भाऊ दत्ता तिकडे नोकरीला आहे. त्याला लग्नानंतर बारा वर्षांनी मुलगी झाली, तीही दिवस भरायच्या आधी. महिनाभर पोर काचेच्या पेटीत होती, म्हणून बारसं लांबलं. निर्मलाताईंचं विमानाचं तिकीटसुद्धा काढलं होतं. आणि निघायच्या चार दिवस आधी त्या अंगणात घसरून पडल्या.

आत्याशिवाय नाव ठेवायचं नाही, असं दत्ताने सांगून टाकलं. नाव काय, हेही त्याने आत्यावरच सोडलं होतं. मग इकडेही पाळणा बांधला. बाळाच्या जागी झबलं-टोपडं घालून वरवंटा निजवला. गल्लीतल्या वीसेक बाया येणार होत्या, आणि मोबाइलच्या पडद्यात वीस जणी मावत नाहीत. शिवाय निर्मलाताई मला फोनवर म्हणाल्या होत्या, "ताई, मला ती डोळे भरून बगायची हाय. मोबाईलात माशीएवढी दिसती."

मी छिन्नी बाजूला ठेवायला लावली आणि पेचकस, ब्लेड घेऊन बसले.

"वायरीबिगर न्हाई का जमत?" व्यंकटरावांनी विचारलं.

"टीव्ही स्मार्ट असता तर जमलं असतं. हा साधा आहे."

शेजारचा टीव्ही आणावा, तर तो जुना जाड पाठीचा. ही वायर त्याला बसतच नाही.

दीड तास खरवडलं तेव्हा नखाएवढी लांबी निघाली, आणि तिच्याबरोबर टीव्हीच्या अंगाचा एक टवकाही. मी थांबले. आतल्या पिना केसासारख्या बारीक असतात. एक जरी वाकली, तरी टीव्ही कायमचा मुका. मला व्यंकटरावांचा राग येत होता आणि तो दाखवता येत नव्हता. निर्मलाताई तर नवऱ्याशी बोलतच नव्हत्या. त्यांना बोलायचं असलं की माझ्याकडे बघून बोलत.

"ताई, इचारा त्यांना. पालीला दार बंद केलं, आता माझी भाची कुठून आनायची?"

व्यंकटराव गुपचूप बाहेर गेले आणि चपलांची जोडी सरळ करून परत आले.

सव्वातीन झाले. खोटी आशा लावणं मला जमत नाही. मी सांगितलं, "ताई, मोबाइलवरच करावं लागेल. हे काही निघत नाही."

त्या चिडूनच म्हणाल्या, "समदी भोकं बुजली, समदी भोकं बुजली, दुपारपासून तेच ऐकलाले. मग रोज रातच्याला सिरियल कुठून दिसती ह्याच्यात?"

मी ब्लेड खाली ठेवलं.

लांबीच्या त्या ढेकळातून एक वायर बाहेर येत होती. मी ती आल्या आल्याच पाहिली होती. केबलच्या डब्याची वायर. आमच्याकडे डब्याला बहुतेक जुनी लाल-पिवळी-पांढरी वायर असते, ती माझ्या कामाची नाही. म्हणून मी तिच्याकडे दुसऱ्यांदा बघितलंच नव्हतं. आता बोटाने तिचा माग काढत शोकेसच्या मागे डब्यापर्यंत गेले. एचडीएमआय. व्यंकटरावांनी वायर आत खोचलेली असतानाच वरून लांबी थापली होती. टीव्हीकडचं टोक चिरेबंद झालं होतं, पण डब्याकडचं मोकळं होतं. ते उपसून कॉम्प्युटरला लावलं की झालं.

"येवढंच व्हय?" व्यंकटराव म्हणाले.

"एवढंच," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

वायर जेमतेम हातभर लांब. म्हणून आम्ही दोघांनी आतल्या खोलीतला सगळा कॉम्प्युटरच उचलून आणला आणि शोकेसवरचे पितळी हत्ती-घोडे काढून तिथे मांडला. चारला दहा कमी असताना टीव्हीवर चित्र आलं. बाया येऊन बसल्या. कॉल लागला. दत्ता दिसला, त्याचे ओठ हलत होते, आवाज नाही. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मी मात्र पहिल्यांदाच निवांत होते, कारण हे दुखणं रोजचं आहे. टीव्ही जोडला तरी कॉम्प्युटर जुन्या सवयीने आवाज आपल्या छोट्या स्पीकरलाच पाठवतो, आणि ते स्पीकर आतल्या खोलीत राहिले होते. सेटिंगमध्ये जाऊन आवाज टीव्हीकडे वळवला. पोरीच्या रडण्याने बैठक भरून गेली, आणि मी आल्यापासून पहिल्यांदा पाठ टेकली.

निर्मलाताई पडद्याकडे बघत राहिल्या. "मोठी झाली की गं," एवढंच म्हणाल्या.

नाव कानात सांगायचं असतं. मी वेबकॅम काढून त्यांच्या तोंडाशी धरला, त्यातच माइक असतो. तिकडे दत्ताने लॅपटॉप पोरीच्या कानाजवळ नेला. निर्मलाताईंनी हळूच कुर्र केलं आणि म्हणाल्या, "गोदावरी."

मग तेच सगळ्यांसाठी मोठ्याने. दत्ता बायकोच्या खांद्यावर कपाळ टेकून उभा राहिला. शेजारच्या बाईने मला सांगितलं, ते त्यांच्या आईचं नाव. दत्ता कॉलेजात असतानाच ती गेली. मी हातातला वेबकॅम दोन्ही हातांनी घट्ट धरला.

घुगऱ्या खाऊन मी निघाले तेव्हा व्यंकटराव कॉम्प्युटरच्या पाठीमागे वाकून बघत होते.

"ह्याला बी भोकं लई हायती," ते म्हणाले.

"हात लावून बगा," निर्मलाताई म्हणाल्या. दिवसभरात नवऱ्याशी थेट बोललेलं हे त्यांचं पहिलंच वाक्य. व्यंकटरावांचा चेहरा खुलला.

तेव्हापासून कुठल्याही घरी गेले की मी आधी विचारते, यातलं अजून चालू काय आहे? बंद काय पडलंय, ते लोक न विचारताच सांगतात.