आधी दर, मग नारळ

शिनोलीजवळच्या दगडखाणीत मी ऑफिसचं काम पाहतो. घरातला मी पहिला पदवीधर, आणि ऑफिसात बसतो म्हणून तिथे सगळे मला ‘सायेब’ म्हणतात. मुकादम मात्र ‘भाऊ’ म्हणतात, आणि मला तेच आवडतं.

दगडावर बसण्याआधी ते हातोडीने टक् करून त्याचा आवाज ऐकतात, पक्का आहे ना म्हणून. मजुरी कधी रुपयांत मोजत नाहीत. “आमी घणानं फोडायचो तवा दिसाच्या मजुरीत आठवड्याचं गोडेतेल यायचं. आता रुपये लई, पण तेल? बोला की, राव!”

दसऱ्याला आमच्याकडे यंत्रांची पूजा होते. शेठ वर्षाचा नवा दर सांगतात आणि मुकादम नारळ फोडतात. त्याशिवाय क्रशर सुरू करायला कुणी धजत नाही. यंदा शेठनी ड्रिलवाल्यांची मजुरी वाढवली आणि म्हणाले, “फोडा नारळ.”

मुकादम तसेच उभे. “खडी भरणाऱ्या बायांचा दर ऱ्हायला, शेठ.”

“डिझेल केवढ्याला झालंय, माहितीये ना?”

“डिझेल पोकलेन पितंय. बाया न्हाई पीत.”

मागे बाया खुदकन हसल्या. शेठ हसले नाहीत. आता यांचं काम जाणार, असं मला वाटलं. मुकादम शांतपणे नारळाची शेंडी काढत राहिले.

“बरं, त्यांचीही वाढवली,” शेठ शेवटी म्हणाले.

“ड्रिलवाल्यांएवढीच ना?”

शेठनी होकारार्थी मान हलवली, तेव्हा कुठे नारळ फुटला. खोबऱ्याचा पहिला तुकडा मुकादमांनी शेठच्याच हातावर ठेवला. “घ्या शेठ, गोड निघालाय.”