बोट न लावता

गायकवाड गेल्याचा फोन सकाळी आला. वहिनींचा आवाज शांत होता. मी "येतो" म्हणून फोन ठेवला, आणि रडू यायच्या आधी मनात आलं ते हे, की आता ती गोष्ट सांगायची गरज उरली नाही. चक्क सुटल्यासारखं वाटलं. दोन महिने झाले, त्या क्षणाची लाज अजून जात नाही, म्हणून हे लिहितो आहे.

चिंचवडच्या एका कारखान्यात टूलरूमला, साचे-हत्यारं घडवून घासायच्या खात्यात, आम्ही सव्वीस वर्षं शेजारी शेजारी उभे राहिलो. नव्वदनंतर परदेशी यंत्रं आली, मागोमाग कॉम्प्युटर आले आणि आमच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचे कागद पडले. "स्वेच्छा कंपनीची, निवृत्ती आपली," एवढंच गायकवाड बोलला. मी वर्षभर कुढत बसलो. त्यानं कोथरूडच्या फ्लॅटमधल्या मागच्या खोलीत प्लायवूडवर रेल्वेचं चिमुकलं यार्ड मांडायला घेतलं. मुलगी सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेली होती. पहिल्या सुट्टीत तिनं बापासाठी शंटिंगचं, म्हणजे यार्डात डबे इकडून तिकडे लावणारं, छोटं इंजिन आणलं. दिसायला वाफेचं, चालायला विजेवरचं, चार चाकांचं, काडेपेटीपेक्षा थोडं मोठं.

मोठं इंजिन कसंही धावतं. या बुटक्याचं दुखणं वेगळं. वीज रुळांतून चाकांवाटे वर चढते, आणि चाकं मोजून चार. जिथे एका रुळाचे दोन होतात त्या सांध्यावर एखादं चाक अधांतरी राहिलं, किंवा धुळीचा कण आडवा आला, की ते जागच्या जागी थांबतं. वेगात सोडलं तर निभावून नेतं. पण शंटिंग म्हणजे मुंगीच्या पावलांनी. वजनानं चाकं रुळाला टेकून राहावीत म्हणून गायकवाडनं टायरवाल्याकडचं शिसं त्याच्या पोटात भरलं होतं. त्याचा नियम एकच : अडलं तरी बोटानं ढकलायचं नाही. "बोट लावलं की खेळणं झालं," तो म्हणायचा. दर रविवारी तीन वॅगन क्रमानं लावून पाच सांध्यांवरून परत यायचं. जमलं की वहिनी आतून म्हणायच्या, "संपली का ड्यूटी? या आता जेवायला."

मग तो आजारी पडला. ऑपरेशनसाठी तीन आठवडे इस्पितळात होता. "घरी आलो की आधी यार्ड," म्हणाला. त्याला खूश करावं म्हणून मी वहिनींकडून किल्ली घेतली आणि रूळ चकचकीत करायला बसलो. टूलरूमचा माणूस, हात दुसरीकडे जाणार कुठे? हजार नंबरच्या पॉलिश पेपरानं सगळे रूळ आरशासारखे केले. पेपरच्या फाडलेल्या तुकड्यामागे पेन्सिलीनं नंबर लिहून ठेवायची माझी जुनी सवय. तो तुकडा तिथेच कुठेतरी राहिला.

गायकवाड घरी आला, पाठीला उशी घेऊन बसला. दोन-चार दिवस इंजिन बरं चाललं. मग पहिल्या सांध्यावर थांबलं, दुसऱ्यावर थांबलं, पुढे सरळ रुळावरही थांबायला लागलं. माझ्या पेपरानं डोळ्यांना न दिसणारे ओरखडे पडले होते आणि त्यांत काजळी भरून वीज अडत होती. त्यानं भिंग काढलं, रुळावर वाकून बराच वेळ बघितलं.

"रुळांना काही केलं होतंस?"

"नाही रे."

इतक्या चटकन बोललो की माझं मलाच दचकायला झालं. त्यानं भिंग खाली ठेवलं. "बरं."

दिवस थोडे उरलेत हे डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि ते तो माझ्या चुकीपायी खर्च करत होता. त्यानं एका वॅगनला धातूची चाकं बसवली, तिथून बारीक तार इंजिनात नेली, म्हणजे वीज आठ चाकांवरून मिळेल. सोल्डरचा डाग देताना मी तार धरायचो. त्यानं मान वर केली की वाटायचं, आता विचारणार... शेवटच्या रविवारी इंजिन निघालं. पहिला सांधा, दुसरा. तिसऱ्यावर अडखळलं. माझं बोट पुढे गेलं.

"हात मागे."

इंजिन हललं. पाचही सांधे झाले. गायकवाड उशीला टेकला, माझ्याकडे बघत राहिला.

"काही म्हणायचंय?"

"नाही... मस्त चाललं."

"हं." त्या गुरुवारी तो गेला.

त्याच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले, तेव्हा वहिनींनी मला मागच्या खोलीत बोलावून एक डबा दिला. "हे तुम्हाला द्यायला सांगितलं होतं." आत मऊ कपड्यात इंजिन, आणि खाली पॉलिश पेपरचा तुकडा. मागे माझ्या पेन्सिलीचं १०००. त्याखाली त्याचं वाकडंतिकडं अक्षर : 'रुळांना नको. कपडा आणि स्पिरिट.'

"वहिनी, हा कागद माझा आहे," मी म्हणालो. तो गेल्यावर.

"माहीत आहे. घरी आले त्याच आठवड्यात सापडला त्यांना."

"मग मला बोलला का नाही?"

"मी म्हटलं होतं, एकदा विचारून मोकळे व्हा. तर म्हणाले, अडलाय तो. बोट लावायचं नाही."

यार्ड अजून तिथेच आहे. रविवारी मी इंजिन, कपडा आणि स्पिरिट घेऊन जातो. ओरखडे काही जात नाहीत. तिसऱ्या सांध्यावर इंजिन अडतं, तेव्हा मी हात मांडीवर ठेवून बसून राहतो.